ईटीएफवरचे पुट ऑप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्याकडे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड आहेत, बाजार पडला तर काय या विचाराने ज्यांची झोप उडते आणि ज्यांनी 'पुट घेऊन ठेव' हा सल्ला कुठेतरी ऐकलाय, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. ईटीएफवरच्या ऑप्शन्सची मोठी उलाढाल अमेरिकेत होते, म्हणून नियम तिथले आणि हिशेब डॉलरमध्ये. उदाहरणांसाठी ५०० डॉलर भाव असलेला एक नमुना फंड घेतलाय. त्याचे प्रीमियम ऑप्शनच्या नेहमीच्या सूत्राने काढलेले, सोयीसाठी जवळच्या सोप्या आकड्यात आणलेले आहेत. ब्रोकरेज आणि कर कुठेही धरलेले नाहीत.

पुट म्हणजे नेमकं काय?

ठरलेल्या भावाला, ठरलेल्या मुदतीपर्यंत विकण्याचा हक्क. हक्कच, बंधन नाही. ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, मुदत संपण्याचा दिवस म्हणजे एक्स्पायरी आणि या हक्कासाठी मोजलेली रक्कम म्हणजे प्रीमियम.

फंड ५०० वर आहे. तुम्ही तीन महिन्यांच्या मुदतीचा ४७५ चा पुट ८ डॉलरला घेतला. एक काँट्रॅक्ट १०० युनिटचं असतं, म्हणजे खिशातून ८०० डॉलर गेले. तीन महिन्यांत फंड ४३० वर आला तरी तुम्हाला ४७५ ने विकता येईल. तो ४७५ च्या वर राहिला तर हक्क वापरायचं कारणच नाही आणि ८०० डॉलर गेले. घेणाऱ्याचं नुकसान त्यापलीकडे जात नाही.

आता तुमच्याकडे याच फंडाची १०० युनिट आहेत असं धरा. तुमचा तळ किती? ४७५ वजा ८, म्हणजे ४६७. बाजार कितीही कोसळला तरी ५०० वरून तुमचा तोटा युनिटमागे ३३ डॉलर, म्हणजे ६.६ टक्के. युनिट हातात असताना घेतलेल्या पुटला 'प्रोटेक्टिव्ह पुट' म्हणतात. युनिट नसताना नुसता पुट घेतला तर तो बाजार पडण्यावर लावलेला पैसा झाला. कागद एकच, पण घेण्यामागचा हेतू वेगळा आणि पुढचे सगळे निर्णय त्या हेतूवर अवलंबून असतात. म्हणून विकत घेण्याआधी आपण यातलं काय करतोय हे एका ओळीत लिहून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

एका कंपनीच्या शेअरवरचा पुट आणि ईटीएफवरचा पुट यांत फरक काय?

यंत्रणा तीच. दोन्हींत १०० चं काँट्रॅक्ट, दोन्ही 'अमेरिकन' पद्धतीचे, म्हणजे हक्क मुदतीच्या आत कधीही वापरता येतो. फरक जोखमीत आहे. एका कंपनीचा निकाल वाईट लागला, चौकशी सुरू झाली, तर शेअर एका रात्रीत २० टक्के खाली उघडू शकतो. शेकडो कंपन्यांच्या फंडात एका कंपनीचा धक्का विरून जातो. म्हणून मोठ्या निर्देशांकावरच्या फंडाचे पुट बहुतेक शेअर्सच्या मानाने स्वस्त असतात.

ही पद्धत तशी तरुण आहे. शिकागोच्या ऑप्शन बाजारात १९७३ मध्ये १६ शेअर्सवरच्या कॉलने, म्हणजे ठरलेल्या भावाला विकत घेण्याच्या हक्काने सुरुवात झाली. पुट १९७७ मध्ये आले. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० या निर्देशांकाचा (इंडेक्सचा) माग घेणारा एसपीवाय हा फंड १९९३ चा, पण त्याच्यावरचे ऑप्शन २००५ मध्ये सुरू झाले. आज त्याच फंडावर आठवड्यातल्या प्रत्येक कामकाजाच्या दिवशी कुठली ना कुठली एक्स्पायरी असते.

मग सरळ इंडेक्सवरचाच पुट का घेऊ नये?

घेता येतो आणि काहींना तोच सोयीचा पडतो. पण दोन्ही एकच समजून घेऊ नका. एसपीएक्स हा एस अँड पी ५०० इंडेक्सवरचा ऑप्शन 'युरोपियन' पद्धतीचा आहे, मुदत संपतानाच वापरता येतो आणि फरकाची रक्कम रोखीने मिळते. एसपीवायवरच्या ऑप्शनमध्ये खरोखरची युनिट हस्तांतरित होतात आणि मुदतीआधीही हक्क वापरता येतो. आकारही वेगळा. एसपीवायचा भाव इंडेक्सच्या साधारण एक दशांश असतो, त्यामुळे एसपीएक्सचं एक काँट्रॅक्ट एसपीवायच्या दहा काँट्रॅक्टएवढं भरतं. लहान पोर्टफोलिओला म्हणूनच ईटीएफचं माप नीट बसतं.

प्रीमियम कशाचा बनतो? ८ डॉलर हा आकडा आला कुठून?

दोन भाग आहेत. पुट आत्ता वापरला तर जे मिळेल ते आंतरिक मूल्य. फंड ५०० वर असताना ५१० च्या पुटात १० डॉलर आंतरिक मूल्य आहे, तो 'इन द मनी'. ४७५ च्या पुटात काहीच नाही, तो 'आउट ऑफ द मनी'. मग त्याचे ८ डॉलर कशाचे? ते सगळे वेळेचे आणि भीतीचे.

वेळेचं आधी बघू. आपला ४७५ चा पुट तीन महिने बाकी असताना ८ डॉलरचा आहे. दोन महिने गेले, फंड हलला नाही, बाजाराची भीतीही तेवढीच राहिली, तर त्याचा भाव साधारण २.६० उरतो. कुणी काही चुकलं नाही, कुठली बातमी आली नाही, फक्त कॅलेंडर पुढे सरकलं. या रोजच्या झिजेला 'थीटा' म्हणतात. सगळ्यात वेगाने झिजतो तो फंडाच्या चालू भावाजवळचा, म्हणजे 'ॲट द मनी' पुट, आणि तोही शेवटच्या महिन्यात.

दुसरा भाग अस्थिरतेचा, आणि माझ्या मते पुटचं मर्म इथेच आहे. पुढच्या काळात फंड किती हेलकावे खाईल याचा बाजाराने बांधलेला अंदाज प्रीमियममध्ये दडलेला असतो. त्याला इम्प्लाइड व्होलॅटिलिटी म्हणतात. आपल्या उदाहरणात ती २० टक्के धरली आहे. फंड जागचा हलला नाही, एकही दिवस गेला नाही, पण अस्थिरतेचा अंदाज २० वरून ३० टक्क्यांवर गेला, तर तोच ८ डॉलरचा पुट १६ च्या वर जातो. म्हणजे नुसत्या घबराटीने विम्याचा हप्ता दुप्पट झाला.

'डेल्टा' हा शब्दही कानावर पडेल. फंड एक डॉलरने हलला की पुट कितीने हलेल ते डेल्टा सांगतो. आपल्या पुटचा डेल्टा उणे ०.२५ आहे. म्हणजे फंड एक डॉलर पडला तर पुट सुमारे २५ सेंटने वाढेल. फंड जसजसा घसरत जातो तसतसा हा आकडा उणे १ कडे सरकतो. पुट सुरुवातीला सुस्त वाटतो आणि मोठ्या घसरणीत एकदम जागा होतो, तो यामुळेच.

बाजार पडला, मी पुट घेतलेला होता, तरी तोटा कसा झाला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलाय. एकेकाळी मीही तो विचारला होता, म्हणून सविस्तर सांगतो.

बाजार काही दिवस सपाटून पडत होता. माझ्याकडचा फंड ५०० वरून ४६० वर आलेला. मी त्या दिवशी एक महिना मुदतीचा ४५० चा पुट घेतला. भाव होता १५.६०, म्हणजे १,५६० डॉलर गेले. अजून पडणार, असा माझा होरा होता आणि तो खराही ठरला. दोन आठवड्यांनी फंड ४५५ वर होता. पण पुटचा भाव ६.८० झालेला. दिशा बरोबर, तरी ८८० डॉलर कमी.

कागदावर मांडलं तेव्हा उलगडा झाला. मी घेतला त्या दिवशी अस्थिरता ४० टक्क्यांवर होती. दोन आठवड्यांत बाजार पडून राहिला खरा, पण लोकांची धडकी ओसरली होती आणि अस्थिरता २५ वर आली होती. शिवाय अर्धी मुदत संपलेली. फंड ५ डॉलर पडला त्याचा फायदा या दोन्हींनी गिळून टाकला. आग लागल्यावर घराचा विमा काढायला गेलो, तर हप्ता आगीच्या हिशेबानेच लागणार. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच.

हे एका माणसाच्या बाबतीत घडलं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या बाजाराने तेच पाहिलं. एस अँड पी ५०० ने १९ फेब्रुवारीला उच्चांक गाठला आणि २३ मार्चपर्यंत तो सुमारे ३४ टक्के पडला. अमेरिकी बाजारातली अस्थिरता मोजणारा व्हिक्स निर्देशांक १६ मार्चला ८२.६९ वर बंद झाला, तोच त्याचा शिखराचा दिवस. पण शेअर बाजाराचा तळ आला त्यानंतर आठवड्याने. त्या आठवड्यात एस अँड पी आणखी सहा टक्क्यांच्या आसपास घसरला आणि व्हिक्स मात्र ६१ च्या आसपास उतरला. बाजार पडत असताना विम्याचा भाव उतरत होता. १६ मार्चला घाबरून पुट घेणाऱ्याने तो सर्वांत महाग दिवशी घेतला.

यावरून माझं ठाम मत झालंय की संरक्षणासाठी पुट घ्यायचा तर बाजार शांत असताना घ्यावा. त्या वेळी तो अनावश्यक वाटतो, मन तयार होत नाही. पण स्वस्त मिळतो तो तेव्हाच. वादळ सुरू झाल्यावर बहुतेकदा काही युनिट विकून टाकणं किंवा काहीच न करणं हे महागडा पुट घेण्यापेक्षा बरं पडतं.

कोणता स्ट्राइक घ्यावा?

पहिलं किती नुकसान आपण सोसू शकतो, त्यावर ठरवा. ५०० चा तीन महिन्यांचा पुट साधारण १६ डॉलरला पडेल, ४७५ चा ८ ला, ४४० चा ३ ला. ५०० च्या पुटात पहिल्या डॉलरपासून संरक्षण आहे. ४७५ मध्ये पहिले २५ डॉलर तुमचे, ४४० मध्ये पहिले ६०.

एक गोष्ट लक्षात घ्या. फंड ५०० वर असताना ६० डॉलर खालचा पुट आणि ६० डॉलर वरचा कॉल यांची तुलना केली, तर पुटच्या भावात दडलेली अस्थिरता जास्त दिसेल. खालच्या बाजूचं संरक्षण बाजार नेहमीच थोडं महाग विकतो. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स हा अमेरिकी निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. त्यानंतर इंडेक्स ऑप्शन्सच्या भावांत हा कल कायमचा बसला. त्याला 'स्क्यू' म्हणतात. तेव्हा फार खालचे पुट डॉलरमध्ये स्वस्त दिसले तरी मापाने स्वस्त असतातच असं नाही.

आणि मुदत?

४७५ च्याच पुटचे अंदाजे भाव पाहा. एक महिना २.६०, तीन महिने ८, सहा महिने १३.४०. सहा महिन्यांचा पुट तीन महिन्यांच्या दुप्पट किमतीचा नाही. दिवसामागे खर्च काढला तर लांबची मुदत स्वस्त पडते, फक्त एकरकमी पैसे जास्त लागतात.

वर्षभर न चुकता संरक्षण ठेवायचं ठरवलंत तर? बाजार जागच्या जागी राहिला असं धरू. तीन महिन्यांचे चार पुट म्हणजे ३२ डॉलर, ५०० च्या ६.४ टक्के. सहा महिन्यांचे दोन म्हणजे २६.८०, साधारण ५.४ टक्के. शेअर्समधून दीर्घकाळात जे मिळण्याची आशा असते, त्यातला केवढा मोठा घास हा! म्हणून बारमाही पुट ठेवणं बहुतेकांना परवडत नाही आणि माझ्या मते त्यांना गरजही नसते. ज्याला पैसे लवकर लागणार आहेत, म्हणजे घर घ्यायचंय, शिक्षणाची फी भरायची आहे किंवा निवृत्ती सहा महिन्यांवर आहे, त्याने तेवढ्या काळापुरता पुट घेतला तर त्या पैशाला अर्थ आहे. दहा वर्षं हात न लावण्याच्या पैशावर दर तिमाहीला हप्ता भरत राहण्यापेक्षा फंडातली रक्कमच कमी ठेवावी.

किती काँट्रॅक्ट लागतील?

तोच फंड हातात असेल तर दर १०० युनिटला एक. १५० युनिट असतील तर एक घ्या आणि ५० उघडी राहतील हे मान्य करा.

पोर्टफोलिओ वेगळा आणि पुट वेगळ्या फंडाचा, तिथे हिशेब सांभाळून करावा लागतो. समजा १,५०,००० डॉलरचे निवडक शेअर आहेत आणि पुट आपल्या ५०० च्या फंडावर घ्यायचाय. भागाकार ३०० युनिट, म्हणजे तीन काँट्रॅक्ट. पण ते शेअर बाजारापेक्षा जोरात हलतात, बीटा १.३ आहे, म्हणजे बाजार १ टक्का हलला तर ते साधारण १.३ टक्के हलतात, तर ३.९, म्हणजे चार. एवढं करूनही जोडी पक्की बसत नाही. तंत्रज्ञानाच्या कंपन्या आपटल्या आणि बँका, औषधं, वीज तगून राहिली, तर व्यापक फंड फारसा पडणार नाही आणि पुट तुमच्या मदतीला येणार नाही. अशा वेळी आपल्या शेअर्सच्या जवळचा फंड, उदाहरणार्थ तंत्रज्ञान कंपन्यांचा भर असलेल्या नॅसडॅक १०० निर्देशांकाचा माग घेणारा क्यूक्यूक्यू, थोडा महाग असला तरी जास्त उपयोगी.

एक्स्पायरीच्या दिवशी काय होतं?

इथे दुर्लक्ष केल्याने माणसं अडचणीत येतात, म्हणून हे उत्तर दोनदा वाचा.

मुदत संपताना पुट एका सेंटनेही इन द मनी असेल, तर अमेरिकेतली ऑप्शन्स क्लिअरिंग कॉर्पोरेशन तो आपोआप वापरला जाईल असं धरते. तुम्ही काहीच केलं नाहीत तरी हक्क बजावला जातो. तुमच्या खात्यात १०० युनिट असतील तर ती स्ट्राइकला विकली जातील. ती विकायची नव्हती, वर्षानुवर्षं सांभाळलेली होती, त्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो, तरीही. आणि युनिट नसतीलच, नुसता पुट घेतला असेल, तर खात्यात १०० युनिटची उधार विक्री, म्हणजे शॉर्ट पोझिशन उभी राहते, ती युनिट नंतर विकत घेऊन फेडावी लागतात. शुक्रवारी ती झाली आणि सोमवारी फंड वर उघडला तर तोटा तुमचा. खात्यात तेवढं मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची तारण रक्कम नसेल तर ब्रोकर शेवटच्या तासात स्वतःहून पुट विकून टाकतो, मिळेल त्या भावाला.

म्हणून नियम सोपा ठेवा. युनिट द्यायची नसतील तर पुट मुदतीआधी विका. शेवटच्या दिवशी नको, निदान एक-दोन दिवस आधी.

आणखी एक बारकावा. एसपीवायसारख्या काही फंडांचे ऑप्शन तिथल्या वेळेनुसार संध्याकाळी सव्वाचारपर्यंत चालतात, पण घेणाऱ्याला हक्क वापरायचा की नाही हे साधारण साडेपाचपर्यंत कळवता येतं. ब्रोकरची वेळ त्याआधीची असू शकते. मधल्या तासाभरात मोठी बातमी आली तर किंचित आउट ऑफ द मनी वाटणारा पुटही कुणीतरी वापरतं. पुट विकलेल्या माणसाला त्यामुळे 'आपला तर सुटला' म्हणून झोपल्यावर सकाळी खात्यात १०० युनिट दिसू शकतात. स्ट्राइकच्या अगदी जवळ बंद होणाऱ्या भावाची ही जोखीम, तिला पिन रिस्क म्हणतात.

मुदतीआधीच पुट वापरावा का?

बहुधा नाही, विकावा. फंड ४५० वर आला आणि तुमचा ४७५ चा पुट बाजारात २६.५० ला चाललाय. वापरलात तर पदरात २५ डॉलर पडतात, विकलात तर २६.५०. काँट्रॅक्टमागे १५० डॉलरचा फरक.

अपवाद आहे. पुट फार खोल इन द मनी असेल, वेळेचं मूल्य जवळपास शून्य असेल आणि व्याजदर चढे असतील, तर आजच स्ट्राइकचे पैसे हातात घेऊन त्यावर व्याज मिळवणं फायद्याचं ठरतं. लाभांशाचाही संबंध येतो. एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्याने घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, फंडाचा भाव लाभांशाइतका उतरतो, म्हणून जाणकार पुटधारक ती तारीख उलटून जाईपर्यंत थांबतात. लाभांशाने पुटला फुकट फायदा होतो असं मात्र समजू नका. तारीख आणि अंदाजे रक्कम सगळ्यांना ठाऊक असते, ती प्रीमियममध्ये आधीच मोजलेली असते.

पुट विकून प्रीमियम कमावावा, असं सांगतात. करावं का?

विकणारा विमा कंपनीच्या जागी बसतो. ४७५ चा पुट विकलात, ८०० डॉलर जमा झाले. फंड ४७५ च्या वर राहिला तर ते तुमचे. खाली गेला तर १०० युनिट ४७५ ने घ्यावी लागतील, निव्वळ पडता भाव ४६७. हा फंड तसाही घ्यायचा होता, ४७,५०० डॉलर बाजूला काढून ठेवलेत आणि ४६७ हा भाव तुम्हाला मनापासून पटतो, तर यात वावगं काही नाही.

पण रोख बाजूला न ठेवता, केवळ मार्जिनवर दहा-दहा काँट्रॅक्ट विकणं मी कुणालाही सांगणार नाही. त्यात ८०० ची कमाई वारंवार होते आणि एखाद्या मार्चमध्ये वर्षांची कमाई एका आठवड्यात जाते. भाव पडतो तसं मार्जिनही वाढवून मागतात, आणि पैसे नेमके नसतात तेव्हाच ते भरावे लागतात. हक्क कधी बजावला जाईल हेही तुमच्या हातात नाही. असाइनमेंट, म्हणजे घेणाऱ्याने हक्क वापरल्यामुळे तुमच्यावर आलेली युनिट घेण्याची पाळी, मुदतीआधीही येऊ शकते.

हप्ता कमी करायचा काही मार्ग आहे?

आहे, पण बदल्यात काहीतरी सोडावं लागतं. ४७५ चा पुट ८ ला घेऊन ४४० चा ३ ला विकला, तर खर्च ५ वर येतो. याला पुट स्प्रेड म्हणतात. संरक्षण फक्त ४७५ ते ४४० या पट्ट्यात, जास्तीत जास्त ३५ डॉलर, खर्च वजा जाता ३०. त्याखालचं नुकसान पुन्हा तुमचं. साधारण घसरणीला हे पुरतं, २०२० सारख्या कोसळण्याला नाही.

दुसरा मार्ग कॉलरचा. हातातल्या युनिटवर वरचा कॉल विकून त्या पैशात पुट घ्यायचा. खर्च जवळपास शून्यावर येतो, पण फंड त्या कॉलच्या वर गेला की पुढची वाढ दुसऱ्याची.

ऑर्डर टाकताना काय पाहू?

बिड (घेणारे देऊ करतात तो भाव) आणि आस्क (विकणारे मागतात तो भाव). ७.९० आणि ८.१० असं अंतर असेल तर ठीक. ६.५० आणि ९.५० असेल तर तो पुट सोडा, त्यात शिरताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे पैसे झडतील. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, कधीच नको. लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण भाव ठरवून दिलेली ऑर्डर, मधल्या भावाजवळ टाका, थोडं थांबा, नाही भरली तर पाच सेंटने सरका. बाजार उघडल्यावरची पहिली काही मिनिटं टाळा, तेव्हा अंतर रुंद असतं.

लीव्हरेज्ड किंवा इन्व्हर्स ईटीएफचं काय?

लीव्हरेज्ड फंड इंडेक्सच्या दुपटी-तिपटीने हलतात, इन्व्हर्स फंड उलट्या दिशेने. तिपटीने हलणाऱ्या फंडावरचे पुट महाग असतात कारण त्या फंडाची अस्थिरताच तिप्पट. शिवाय असे फंड रोजच्या हालचालीची तिप्पट देतात, वर्षाची नाही. इंडेक्स १०० वरून १० टक्के पडून ९० झाला आणि दुसऱ्या दिवशी ११.११ टक्के वाढून परत १०० वर आला. तिपटीचा फंड १०० वरून ७० आणि ७० वरून ९३.३३. इंडेक्स होता तिथे, फंड पावणेसात टक्के खाली.

पुटऐवजी साधा, एकपट इन्व्हर्स फंड घेणाऱ्यांनी हेच गणित उलटं करून पाहावं: १०० चे ११०, मग ९७.७८. इन्व्हर्स फंडाला एक्स्पायरी नसते हे खरं, पण त्याची झीज वेगळ्या वाटेने चालूच असते आणि बाजार वर जात राहिला तर तोटा प्रीमियमपुरता थांबत नाही, गुंतवलेल्या सगळ्या रकमेपर्यंत जाऊ शकतो.

पुट हातात असताना फंडाचं स्प्लिट झालं तर?

स्प्लिट म्हणजे एका युनिटची अनेक किंवा अनेक युनिटचं एक करणं. तेव्हा काँट्रॅक्टची अटच बदलून दिली जाते, तुमचं मूल्य बुडत नाही. कच्च्या तेलावरच्या यूएसओ या फंडाने एप्रिल २०२० मध्ये आठ युनिटचं एक केलं, तेव्हा त्याचे जुने ऑप्शन असेच बदलले गेले. मात्र असं युनिट एकत्र केल्यावर बदललेल्या काँट्रॅक्टमध्ये १०० युनिटचं सरळ माप उरत नाही, त्यात उलाढाल आटते आणि बिड-आस्क फाकतं. नव्याने घेताना अशी काँट्रॅक्ट टाळा. फंडाच्या चिन्हामागे आकडा लागलेला दिसला की ती ओळखू येतात.

मुदत संपत आली, बाजार पडला नाही, पण मला संरक्षण अजून हवंय. काय करू?

जुना पुट विकून पुढच्या मुदतीचा घ्या, याला रोल करणं म्हणतात. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. साधारण एक महिना बाकी असताना जुन्याला थोडी किंमत असते. आपल्या उदाहरणात २.६० परत मिळतात आणि नवा तीन महिन्यांचा ८ ला येतो, म्हणजे वरचे ५.४० घालावे लागतात. दोन्ही व्यवहार एकाच ऑर्डरमध्ये, निव्वळ फरकाचा भाव लिहून टाकता येतात, त्यामुळे मध्ये एक क्षणही उघडं राहावं लागत नाही.

दरम्यान फंड ५४० वर गेला असेल तर तोच ४७५ चा स्ट्राइक पुन्हा घेऊ नका. तो आता १२ टक्के खाली आहे, पूर्वी ५ टक्के खाली होता. ५४० च्या ५ टक्के खाली म्हणजे ५१३. तिथला पुट घेतला तर वाढलेली कमाईही त्या छत्रीखाली येते. ऑर्डर टाकण्याआधी सुरुवातीला लिहून ठेवलेली ती एक ओळ काढा आणि ज्या कारणासाठी पुट घेतला होता ते अजून शिल्लक आहे का ते पाहा. घराचे पैसे भरून झाले असतील, तर २.६० घ्या आणि नवा पुट घेऊ नका.